गळकी गच्ची आणि पावसातली घाई

जुलैत छतावर ओल उमटली की सोसायटीतला प्रत्येक जण वॉटरप्रूफिंगचा जाणकार होतो. त्यातले काही सल्ले निरुपद्रवी असतात. काही मात्र पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेवढाच खर्च करायला लावतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘दोन दिवस उघडीप मिळाली, कडक ऊन पडलं, आता कोटिंग मारून घ्या.’ उन्हानं वाळतो तो फक्त वरचा थर. खाली विटांच्या कोब्यात महिनाभर मुरलेलं पाणी तसंच असतं. ऊन तापलं की त्याची वाफ होते, ती वर यायला बघते आणि नव्या कोटिंगला फुगे धरतात. फुगा फुटला की पाणी पुन्हा आत. म्हणून इथे डोळ्यांवर विसंबू नका. दीड फूट लांबरुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून गच्चीवर घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. आतून दव धरलं किंवा खालचा भाग काळसर दिसला, तर कंत्राटदाराला परत पाठवा. सिमेंटमिश्रित काही लेप ओलसर पृष्ठभागावरच लावायचे असतात, हे खरं आहे. पण ओलसर म्हणजे पाणी साचलेला नव्हे, आणि ताजा लेपही सरीपासून जपावाच लागतो.

‘पावसात सिमेंटचं काम होतच नाही’ हे निम्मंच खरं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. धोका असतो तो सुरुवातीच्या काही तासांत. ताज्या मालावर जोराची सर आली की सिमेंट धुऊन जातं आणि वाळू उघडी पडते. माल नीट सेट झाल्यावर मात्र तीच सर क्युरिंगचं काम करते. त्यामुळे कठड्याची एखादी भेग वर ताडपत्री बांधून पावसाळ्यातही भरता येते. याउलट ज्या मे महिन्याची सगळे वाट पाहतात, त्यात भर दुपारी केलेल्या कोब्यातलं पाणी झपाट्यानं उडतं आणि बारीक भेगा पडतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवावं, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. प्रत्यक्षात तीन-चार दिवस नळी फिरवली की मजूर पुढच्या कामावर गेलेले असतात.

गळतं तिथेच वर भोक असणार, हीही अशीच एक समजूत. पाणी कोब्याखालून, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून आडवं सरकतं आणि कुठे तरी पंख्याच्या हुकापाशी टपकतं. खालून पुट्टी भरली तर ते शेजारून वाट काढतं. पंख्यातून किंवा दिव्यातून गळत असेल, तर आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा.

मग भर पावसाळ्यात काहीच करू नये का? करण्यासारखं बरंच आहे. सर ओसरल्यावर (विजा चमकत नसताना) गच्चीवर जा. पाणी साचलं असेल तिथे ऑइल पेंटनं खुणा करा, फोटो काढा. गच्चीचा उतार नेमका कुठे चुकला आहे, हे उन्हाळ्यात कुणालाही दिसत नाही. मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार हवा. पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढा; कित्येकदा एवढ्यानंही गळती कमी होते. ताडपत्री टाकायची तर ती कठड्यावरून बाहेर काढा आणि वाळूच्या पोत्यांनी दाबा. गच्चीत खिळा ठोकू नका. खिळा म्हणजे नवं भोक.

हवामान खात्याच्या हिशेबानं मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर गच्चीला ऑक्टोबरचं ऊन खाऊ द्या, दिवाळीनंतर काम काढा, आणि गच्चीत ४८ तास पाणी तुंबवून खालचं छत कोरडं राहिल्याचं पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.