चष्मेवाला आणि डोळ्यांचे डॉक्टर
(इयत्ता चौथी)

आमच्या आबांना दोन वर्षांपासून धूसर दिसत होते. बाजाराला गेले की ते चष्म्याच्या दुकानात जायचे. दुकानदार यंत्रातून बघायला लावायचा, नंबर काढायचा आणि नवीन चष्मा द्यायचा. असे तीन चष्मे झाले. आजी म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." आबा म्हणाले, "कशाला? दुखत तर काहीच नाही."

एके दिवशी आबा गोठ्यात वासराला धडकले. समोरची म्हैस दिसली, पण बाजूचे वासरू दिसले नाही! मग बाबांनी त्यांना परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. शाळेला सुट्टी होती म्हणून मी पण गेले.

तिथे आधी 6 मीटरवरून अक्षरे वाचायला लावली. इथपर्यंत दुकानासारखेच होते. नंतर डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला दाब मोजला. मग थेंब टाकून बाहुली मोठी केली. थेंबाचा असर व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात आबांनी बाकावर झोप काढली. मग दिव्याने आतला पडदा पाहिला. ते म्हणाले, "आजोबांना काचबिंदू आहे."

मला वाटले काचबिंदू आणि मोतीबिंदू एकच. तसे नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ऑपरेशन करून ते काढतात आणि नवीन भिंग बसवतात, मग परत दिसते. आपल्या मराठवाड्यातले, लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनी अशी एक लाखाच्या वर ऑपरेशने केली. त्यांना 2008 साली पद्मश्री मिळाली.

काचबिंदूत बहुतेक वेळा आतला दाब वाढतो आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर खराब होते. पहिल्यांदा कडेचे दिसणे जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी औषधाने सांभाळता येते. तीन चष्म्यांत आमची दोन वर्षे गेली, याचे बाबांना फार वाईट वाटते.

चष्मेवाला वाईट असतो असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनी कागदावर नंबर लिहून दिला की चष्मा तोच बनवतो. पण नुसता नंबर काढून आतला रोग दिसत नाही. साखरेचा आजार असला तर डोळ्याचा पडदा खराब होतो, तेही दुकानात कळत नाही.

आपल्या वयाच्या मुलांचे डोळे जोर लावून बघतात, म्हणून नंबर चुकू शकतो. त्यासाठी आपल्याला पण थेंब टाकून तपासतात. ज्याला फळ्यावरचे दिसत नाही त्याने शाळेत तपासणीचे पथक येईल तेव्हा खरे सांगावे. आमच्या वर्गातला एक जण शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो आणि गुरुजींना वाटते तो कॉपी करतो.

आता आबांना रोज रात्री थेंब टाकायचे काम माझ्याकडे आहे. पहिला थेंब हमखास गालावर जातो. आबा म्हणतात, "गालाला बी दिसायलंय आता."