यंत्राची कळ कोणाच्या हाती?



कचेरीतल्या संगणकावर आपण काय काय करू शकतो, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु आपण हात आवरून बसलो असताना तो आपल्या मनाने काय करीत असतो, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः तो दोन कामे करीत असतो. एकाला सिंक म्हणतात, दुसऱ्याला अपडेट. दोन्ही उपयोगाची आहेत. पण दोन्ही न विचारता चालू असतात, आणि त्यांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो हेही कोणी विचारत नाही.

प्रथम सिंक म्हणजे काय ते पाहू. एका दुकानदाराच्या दोन वह्या आहेत, एक दुकानात व एक मुनिमाच्या घरी. दुकानातल्या वहीत ओळ लिहिली की घरच्या वहीत तीच ओळ आपोआप उमटते. किती सोयीचे! परंतु दुकानातल्या वहीचे पान चुकून फाटले, तर घरच्या वहीचेही पान त्याच क्षणी फाटते. वनड्राइव्हसारखी व्यवस्था नेमकी अशीच चालते. आपण पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. खासगी खात्यात ती कचरापेटीत साधारण तीस दिवस राहते, पुढे तीही वाट बंद. म्हणून सिंक म्हणजे जपून ठेवलेली प्रत, हा समज सोडला पाहिजे. शिवाय वनड्राइव्हवर फुकट जागा पाच गिगाबाइटच मिळते. डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे कप्पे न कळत तिकडे जोडले गेले, की जागा भरते आणि पैसे भरण्याची सूचना येऊ लागते.

अपडेट म्हणजे कार्यक्रमात कंपनीने केलेली दुरुस्ती किंवा भर. हिच्यात दोन जाती असतात. एक, चोर शिरू शकेल अशी फट बुजवणारी. दुसरी, नवी बटणे, नवी मांडणी, नव्या सोयी आणणारी. गव्हाबरोबर खडेही यावेत, तशा ह्या दोन्ही एकाच पोत्यात येतात.

आता खर्चाकडे वळू. मोठ्या शहरातील कचेरीत तारेचे इंटरनेट असते. तेथे हे ओझे जाणवत नाही. कामरगावसारख्या गावी मात्र दाखले काढून देणारा किंवा हिशेब लिहिणारा माणूस कित्येकदा स्वतःच्या मोबाइलच्या दीड-दोन गिगाबाइटच्या रोजच्या पॅकवर काम करतो. सकाळी संगणक उघडताच अपडेट उतरू लागले, तर दुपारपर्यंत पॅक संपतो. दाराशी रांग उभी, आणि पडद्यावर ‘थांबा’ असा निरोप! लोक बोलतात ते त्या माणसाला. कंपनीला कोणी बोलत नाही.

तर मग सारे अपडेट बंद करून टाकावे काय? येथे घाई करू नये. आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण दोन्ही बाजू दाखवते. २७ जून २०१७ रोजी नोटपेट्या नावाचा घातक कार्यक्रम जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमध्ये झाला. तेथील कचेऱ्यांतून कर-हिशेबासाठी एम.ई.डॉक नावाचा कार्यक्रम वापरला जात असे. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटच्या वाटेतच विष कालवले. विश्वासाने घेतलेल्या दुरुस्तीबरोबर ते आत शिरले. मर्स्क ह्या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोलमडली, आणि तिच्याच समूहाकडे असलेले आपल्या न्हावाशेवा बंदरातील एक टर्मिनलही अडकले. तेथील कामगारांना कंटेनरची कामे हाताने करावी लागली. मर्स्कला पुढे सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलर होता.

हे ऐकून कोणी म्हणेल, अपडेट नकोच. पण उरलेली अर्धी गोष्ट ऐका. हे विष आत शिरल्यावर एका यंत्रातून दुसऱ्यात जाण्यासाठी ज्या वाटा वापरीत होते, त्यांतली एक फट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच बुजवली होती. ज्यांनी ती दुरुस्ती घेतली नव्हती, त्यांची ही वाट उघडीच राहिली. एकाच प्रसंगात अपडेटने घात केला, आणि अपडेट न घेतल्यानेही घात केला. सबब शहाणपण कळ कायमची बंद करण्यात नाही. ती आपल्या हाती ठेवून, आपल्या वेळेस चालवण्यात आहे.

हे कसे करावे? वर्ड-एक्सेलमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट’, मग ‘अपडेट ऑप्शन्स’ येथे अपडेट थांबवण्याची सोय आहे. परंतु थांबवलेच, तर महिन्यातून एकदा ते पुन्हा सुरू करून ‘अपडेट नाऊ’ दाबण्याचा नेम ठेवावा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अपडेट काही आठवड्यांपुरते पुढे ढकलता येतात, आणि ‘ॲक्टिव्ह अवर्स’ येथे कामाचे तास लिहून ठेवले, की त्या वेळेत यंत्र स्वतःहून बंद होऊन सुरू होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. त्यानंतरचा शनिवार संध्याकाळ ह्या कामाला ठरवून द्यावा. मोबाइलच्या जोडणीला ‘मीटर्ड’ अशी खूण केली, की विंडोज बरीचशी उतराई थांबवते आणि वनड्राइव्हही सिंक आवरते.

सिंक नको असेल, तर घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावरून ते दोन, आठ किंवा चोवीस तास थांबवता येते. सेटिंग्जमधून कप्प्यांची जोडणीही काढता येते. जोडणी काढल्यावर आपल्या फाइली यंत्रावर आहेत की तिकडेच राहिल्या, हे मात्र आधी पाहावे. वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ ह्या पानावर फाइल संगणकातच ठेवण्याची खूण आहे. आणि खरी प्रत हवी असेल, तर आठवड्यातून एकदा ती वेगळ्या डिस्कवर उतरवून डिस्क काढून कपाटात ठेवावी. जी डिस्क यंत्राला जोडलेलीच नाही, तिच्यावरचे पान यंत्रातल्या चुकीने फाटत नाही.

कचेरीचा संगणक असेल, तर ह्यांतले काहीही परस्पर करू नये. वरिष्ठांकडे लेखी मागावे: अपडेटची वेळ कोणती, इंटरनेटचा खर्च कोणाचा, यंत्र अडल्यामुळे काम राहिले तर जबाब कोणाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती कोणी गिरणी मोडून मिळवली नव्हती. गिरणी चालूच राहिली. फक्त तिने कधी थांबायचे, ह्यात कामगाराचाही शब्द चालू लागला. संगणकापुढे बसणाऱ्याची मागणी याहून वेगळी नाही. यंत्राने आपली दुरुस्ती जरूर करून घ्यावी. परंतु ज्याच्या वेळेवर आणि ज्याच्या पैशावर ती होते, त्याला आधी विचारावे.