संगणकाचा प्रोसेसर आत्ता बदलायचा की थांबायचं? खिशात हात घालण्याआधी हे तपासा

दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यासाठी गावोगावच्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात. पाठोपाठ खरीप पीक विम्याचे अर्ज. नेमका त्याच वेळी संगणक अडकतो. मग कोणीतरी सांगतो, "प्रोसेसर जुना झालाय, बदलून टाका." पण दोष दर वेळी प्रोसेसरचाच असतो असं नाही. डिझेल फिल्टर तुंबलेला असताना ट्रॅक्टरचं इंजिन बदलून काय उपयोग?

नेमकं कुठे अडतंय?

काम सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा.

- डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. बहुतेक जुन्या संगणकांना सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.
- मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवा. ४ जीबीवर आज भागत नाही, निदान ८ जीबी हवी.
- सीपीयू साध्या कामातही सतत १०० टक्के दाखवत असेल, तरच प्रोसेसरचा विचार करा. त्याआधी व्हायरस तपासा आणि पंख्यातली धूळ काढून घ्या. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो.

मग थांबायचं किती दिवस?

इथे विंडोजचा प्रश्न येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. घरगुती वापराच्या संगणकांना नोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय कंपनीने जाहीर केली. अपडेट बंद झाले तरी संगणक चालू राहतो, पण नव्या व्हायरसपुढे तो उघडा पडतो. ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद हाताळले जातात, तिथे हा धोका पत्करू नये.

विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय ५-७४०० म्हणजे सातवी पिढी, आय ३-८१०० म्हणजे आठवी, आय ५-१०४०० म्हणजे दहावी. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेतले बरेच आणि त्यापुढचे चालतात. खात्री करायला मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

फसगत इथे होते

इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१. पण सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. म्हणजे बोर्डही बदलावा लागतो, आणि नव्या बोर्डला जुनी रॅम बसेलच असं नाही. खर्च नव्या संगणकाच्या जवळ जातो. एएमडीच्या एएम ४ बोर्डचं मात्र वेगळं आहे. अशा बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेपर्यंतचा प्रोसेसर बसतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बहुधा बोर्डलाच जोडलेला असतो, तो बदलता येत नाही.

"जुन्यावरच विंडोज ११ टाकून देतो" असंही कोणी म्हणेल. पण अशा संगणकांना पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

थोडक्यात हिशोब

आठवी पिढी किंवा पुढची असेल, तर एसएसडी आणि रॅमवर भागवा आणि विंडोज ११ वर जा. प्रोसेसरची घाई नको. इंटेलची सातवी किंवा त्याआधीची पिढी असेल, तर नुसत्या प्रोसेसरवर पैसे घालू नका. ते बाजूला ठेवा आणि पूर्ण संगणकच बदला. एसएसडी आत्ता घेतली तरी वाया जात नाही, ती बहुधा नव्या संगणकालाही लागते. "पुढचं मॉडेल येऊ दे" म्हणून थांबण्यात अर्थ नाही, नवं मॉडेल दर वर्षीच येतं.

बदल करायचा तो गर्दी नसताना करा. आधी फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि अंगठ्याचं मशीन व प्रिंटर नव्या विंडोजवर चालतात का ते विचारून घ्या.