उसनं इरलं

जन्मभर पाण्यात राहणारं पाखरू लहानपणी पाण्यानंच गारठून मरू शकतं असं म्हटलं, तर तुम्ही म्हणाल आजोबांनी आज थाप मारली. पण बदकाच्या पिल्लाची गोष्ट अशीच उफराटी आहे.

तळ्यावर कालपरवा अंड्यातून निघालेली पिल्लं आईमागून खुशाल पोहतात. यंत्रात उबवलेलं, ब्रूडरमध्ये बल्बखाली वाढणारं त्याच वयाचं पिल्लू हौदात सोडा. थोड्याच वेळात चिंब भिजून थरथरायला लागेल. पिल्लू तेच, लव तीच. मग बिनसलं कुठं?

बदकाच्या शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, तेलाची एक गाठ असते. चोचीनं तिथलं तेल घेऊन बदक ते पिसांना चोपडत बसतं. रात्री पिल्लं आईच्या पोटाखाली शिरतात, तिच्या पिसांना घासतात आणि तेल त्यांच्या लवीलाही लागतं. म्हणजे आईनं आपलं इरलं लेकरांना उसनं दिलं म्हणा ना! शिवाय पोहून आली की पुन्हा पोटाखाली घेऊन ती त्यांना वाळवते. बल्ब ऊब देईल, तेल कुठून देणार? पिल्लाची ऊब म्हणजे लवीत अडकलेली हवा. तिथं पाणी शिरलं की संपलं. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं, आणि जीव तर मुठीएवढा.

मग आईलाच का बसवू नये अंड्यांवर? कारण आपल्याकडे पाळतात ती खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या कॅम्पबेलबाईंनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तयार केलेली ही जात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण खुडूक बसायचं नाव सहसा घेत नाही. म्हणून २८ दिवस यंत्र, नाहीतर खुडूक कोंबडी. कोंबडीनं उबवलेली पिल्लं पहिल्यांदा डबक्यात उतरतात, तेव्हा काठावर त्या बिचारीची जी घालमेल होते, ती एकदा पाहायला हवी!

तर ब्रूडर. पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर असू द्या, पण खरा निकाल पिल्लंच देतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय; कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असली तर उकडतंय; सगळीकडे पसरून निजली तर ठीक. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील एवढंच खोल ठेवा, कारण नाक-डोळे धुतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अर्थात त्यापायी खालचं तूस रोज ओलंगच्च होतं आणि रोज बदलावं लागतं. बदक पाळणाऱ्याची निम्मी हयात तूस बदलण्यात जाते, असं माझं मत आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून खांद्यावर, शेपटीत, पोटाच्या कडांना खरी पिसं डोकावतात. पाठ मागाहून भरते. पंखांची मोठी पिसं अगदी शेवटी. सातव्या-आठव्या आठवड्यात अंगरखा पुरा होतो आणि पिल्लू स्वतःच्या गाठीतलं तेल स्वतः चोपडतं. तोवर बाहेर न्यायचं ते हप्त्याहप्त्यानं. आधी कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर तासभर, आणि शेजारी सावली हवीच. बदकाला घाम येत नाही. पाण्याची ओळख उथळ परातीत, कोमट पाण्यात, चढून बाहेर यायला एक दगड ठेवून. मग पुसून पुन्हा उबेत. कोकणातल्या चैत्रात हे सगळं लवकर उरकतं. घाटावरच्या थंडीत घाई करू नये. आणि न्यायची ती सगळी एकदम, कारण एकटं पडलेलं पिल्लू ओरडून घर डोक्यावर घेतं.

रात्रीचा मुक्काम मात्र शेवटी हलवायचा. दिवसा कावळा-घार दिसते तरी. रात्री रानमांजर येतं ते कळतही नाही. जाळी बारीक भोकांची हवी, तळाशी फट नको, दाराला कडी हवी. आणि संध्याकाळचं खाणं आतच ठेवायचं, म्हणजे काठी घेऊन मागं धावावं लागत नाही, रांगेनं आपणहून येतात. पाचेक महिन्यांनी अंडी सुरू झाली की सकाळी नऊपर्यंत दार उघडायचं नाही. बदकं पहाटे अंडी घालतात, आणि मोकळी सुटली तर ती कुठल्या गवतात टाकतील याचा नेम नाही.