जुनी गाडी, लॅपटॉप आणि मध्येच तुटणारी नोंद

भिवंडीचा माल कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांत पोहोचवायला आम्ही कापडवाले अजूनही जुन्या ओम्नीसारख्या गाड्या वापरतो. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, गाड्या मात्र चालूच आहेत. अशी गाडी शीळफाट्यावर बंद पडली की दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून गॅरेजवाले बंधू आता लॅपटॉप जोडून चालत्या इंजिनाची नोंद घेतात. पण नोंद मध्येच तुटते, आकडे उड्या मारतात आणि त्या भरवशावर चांगला सेन्सर बदलला जातो. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि नाव मिस्त्रीचे खराब होते. गजच हलत असेल तर थानाचे माप चुकणारच. म्हणून आधी गज तपासावा.

गाडी कोणती? कार्ब्युरेटरच्या गाडीत संगणक नसतो, तेथे लॅपटॉपचा उपयोग नाही. मुंबईसह १३ शहरांत भारत स्टेज-४ नियम १ एप्रिल २०१० पासून आले. त्याआधीच्या इंजेक्शनच्या पुष्कळ गाड्यांत १६ पिनांचा सॉकेट असतो, पण भाषा कंपनीची स्वतःची असते. सर्वसाधारण स्कॅनरला ती समजेलच असे नाही.

वीज आणि अर्थिंग. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीची वीज येते, ४ व ५ या अर्थिंगच्या पिना. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीच्या ऋण टोकापासून या पिनांपर्यंत मीटरने व्होल्ट मोजावेत. जवळजवळ शून्य यायला हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे असे समजावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खाडीच्या दमट हवेत हे नेहमीचेच. पट्टी घासून घट्ट करावी.

अडॅप्टर. बाजारात ‘१.५’ छापलेले ईएलएम ३२७ सर्रास मिळतात. मूळ कॅनेडियन कंपनीने या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि २०२२ मध्ये ती कंपनीही बंद झाली. काही नकलांत जुन्या गाडीच्या ७ क्रमांकाच्या पिनवरील के-लाइनचे भागच नसतात. तोच अडॅप्टर नव्या गाडीवर नीट चालतो, म्हणून मिस्त्री जुन्या गाडीला दोष देतो.

लॅपटॉप. के-लाइनवर साधारण ५ सेकंद शांतता राहिली की गाडीचा संगणक बोलणे संपले असे मानतो. मग जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवते, ती सोय बंद करावी. एफटीडीआय चिपची केबल असेल तर पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘लेटन्सी टायमर’ १६ असतो, तो १ किंवा २ करावा. नोंद घेताना लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवावा. इन्व्हर्टरची वीज गोंधळ घालते. केबल स्पार्क प्लगच्या तारांपासून दूर ठेवावी.

हाव नको. के-लाइनचा वेग सेकंदाला १०,४०० बिट, तर नव्या गाड्यांतील कॅनचा बहुधा ५,००,०००. जुन्या गाडीकडून सेकंदाला बहुधा दहाच्या आतच उत्तरे मिळतात. बारा गोष्टी एकदम मागितल्या तर प्रत्येकीचा आकडा सेकंदापेक्षा उशिराने येतो आणि इंजिनाचा क्षणभराचा झटका नोंदीत सापडतच नाही. दोन-तीनच गोष्टी मागाव्यात: फेरे, थ्रॉटल, ऑक्सिजन सेन्सर.

एका वेळी एकच बदल करावा आणि दहा मिनिटे नोंद घेऊन पाहावे. मग तोच अडॅप्टर, तीच केबल आणि तोच लॅपटॉप त्याच भाषेच्या दुसऱ्या जुन्या गाडीवर लावावा. तेथेही नोंद तुटली तर दोष आपल्या सामानात आहे, तेथे टिकली तर पहिल्या गाडीच्या तारांत. एवढे झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला सेन्सरचे बिल देऊ नये. आम्ही दुकानदारही गाडी सोडताना मिस्त्रीकडे नोंद मागावी आणि ती सलग आहे की नाही, हे पाहूनच पैसे मोजावेत.