मातीची कडबोळी, फोटोची चौकट

पोळपाटावर पीठ लांब वळायचं, टोकाला टोक आणायचं आणि बोटाने दाबायचं, की झालं कडबोळं. आज मातीचं तेच करायचं आहे. अशा वळ्यांची फोटोची चौकट कशी करायची ते सांगते. नक्षीची चिंता करू नका, ती सगळ्यांना जमते. चुकतं ते माप. कितीतरी घरांत आजीचा एकुलता एक फोटो असतो, तोही कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून मोठा करून घेतलेला. त्याच्यासाठी हौसेने चौकट करावी आणि भाजून आल्यावर त्यात फोटोच मावू नये, याला काय म्हणावं?

हे काम जुनं आहे. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात चाकावरची सुबक रंगीत भांडी होती, आणि धान्याचे मोठे रांजण मात्र हाताने घडवलेले होते. बऱ्याच कुंभारवाड्यांत बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत होती. माती मळायची, वाहायची, भांडी वाळवायची ती मात्र तिनेच! वळीच्या कामाला चाक लागतच नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटतो.

आता माती. आपल्याकडची शेतातली काळी माती चिकट असते, पण वाळताना फार आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. तळ्याच्या गाळाची माती मिळाली तर उत्तम. ती वाळवून कुटा, मैद्याच्या चाळणीने चाळा, आणि पाच वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू या अंदाजाने सुरुवात करा. आंबेमोहोराचं तूस घरचंच असतं. त्याची राख थोडी घातली तरी चालते. चाळायचा कंटाळा करू नका. चुनखडीचा एवढासा खडा आत राहिला तर चौकट भाजून आल्यावरही तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि आठ-पंधरा दिवसांनी टवका उडवतो. गिऱ्हाईकाच्या घरी उडाला तर गटाचं नाव जातं.

माती मळून एक दिवस ओल्या फडक्यात ठेवा. मग तिची एक पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा. पट्टी सावलीत पूर्ण वाळली की रेघ परत मोजा. ९ भरली तर माती दहावा हिस्सा आकसते. साडेआठ भरली तर वाळू वाढवा आणि पुन्हा पट्टी करून बघा. ही पट्टी केल्याशिवाय चौकटीला हात घालू नका, एवढं माझं ऐका.

माती दहावा हिस्सा आकसत असेल तर हिशोब सोपा आहे. फोटो ४ बाय ६ इंचाचा असतो. पुढची खिडकी ओल्या मातीत फोटोएवढीच, म्हणजे ४ बाय ६ ठेवा. वाळून ती साधारण ३.६ बाय ५.४ होते आणि फोटोची कड चारी बाजूंनी आपोआप झाकली जाते. आकसणं इथे आपल्या उपयोगी पडतं. मागे फोटो बसायची जागा मात्र मोठी हवी. ती ओली असताना पावणेपाच बाय सात इंच ठेवा.

फळीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ही दोन्ही मापं आखा आणि वर राख भुरभुरा. वळी अर्धा इंच जाड, करंगळीएवढी. आधी मागचा थर: मोठ्या मापाच्या रेघेपासून बाहेरच्या अंगाला दोन वेढे. मधली पोकळी कोरड्या वाळूने काठोकाठ भरा. आता पुढचा थर: लहान मापापासून बाहेर तीन वेढे. आतला वेढा वाळूवर टेकेल, म्हणून खाली बसणार नाही. दोन वळ्या भेटतात तिथे जुन्या फणीने ओरखडे काढा आणि पिठल्याइतका दाट चिखल लावा. टोकं तिरकी कापून जोडा. जोड कोपऱ्यावर येऊ देऊ नका, चीर पहिली तिथेच जाते.

मागची बाजू बोटाने सपाट करा, पण पुढच्या वळ्या दिसू द्या. बाजारात साच्यातल्या गुळगुळीत चौकटी ढिगाने मिळतात. आपली कशाला तशी दिसायला हवी? एखाद्या कोपऱ्यात भाताची लोंबी दाबून उठवली तर छान दिसते.

वाळवणं सावलीत. पहिले दोन दिवस वर फडकं. खालच्या राखेमुळे चौकट आकसताना सरकते; कागदाला चिकटून बसली तर तडकते. हात लावल्यावर आकार बिघडेनासा झाला की उलटी करून वाळू काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम धरूच नये असं माझं मत आहे. दिवाळीनंतर करा. आठ-दहा दिवसांनी चौकट गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे. तशीच भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते.

भाजण्यासाठी जवळच्या कुंभाराच्या भट्टीत जागा मागा, त्याचे पैसे ठरवा. भाजताना माती आणखी थोडी आकसते, म्हणून काच आधी कापून आणू नका. न भाजलेल्या चौकटीला नुसता रंग देऊन भाजलेली म्हणून विकू नये. ओल्या फडक्याने पुसली की बिंग फुटतं.

फोटो घालताना मूळ फोटो पेटीतच ठेवा, चौकटीत त्याची प्रत लावा. आधी काच, मग काचेच्या कडेने पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या, मग फोटो आणि मागे पुठ्ठा. पट्ट्या नसतील तर पावसाळ्यात दमटपणाने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहऱ्याचा रंग निघून येतो. शेवटी मागून कागदी चिकटपट्टी लावा. चौकट जड असते, भिंतीवर टांगण्यापेक्षा फळीवर टेकवून ठेवलेली बरी.