‘निर्मळ’ टाइप करून दाखवा

‘निर्मळ’ हा तीन अक्षरी शब्द कागदावर लिहायला वसईतल्या शाळकरी मुलालाही अडचण पडत नाही. मोबाइलमध्ये मात्र तो सहा खुणांनी साठवला जातो: न, पहिली वेलांटी, र, पाय मोडायची खूण, म आणि ळ. युनिकोड या संगणकीय लिपी-मानकाने या खुणांचा क्रम उच्चाराप्रमाणे लावला आहे. त्यामुळे डोळ्यांना ‘न’च्या आधी दिसणारी वेलांटी ‘न’नंतर द्यावी लागते आणि ‘म’च्या डोक्यावर बसणारा रफार ‘म’च्या आधी टाइप करावा लागतो.

देवनागरी टंकलेखनातल्या दोन जुन्या अडचणी अशा वसईजवळच्या निर्मळ या एका गावाच्या नावात एकत्र आल्या आहेत. एखादा मराठी कीबोर्ड माणसांना खरोखर वापरता येतो का, हे पाहायचे असेल तर यापेक्षा चांगला शब्द शोधावा लागणार नाही. अशी तपासणी निर्मळमध्येच करायची ठरवली, तर ती कशी होईल?

काय मोजायचे?

‘वापरायला सोपे’ हे शब्द सैल वाटतात, पण त्यांची पक्की व्याख्या आहे. आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ साली आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार वापरसुलभता तीन गोष्टींवर ठरते: काम नीट पूर्ण झाले का, त्यासाठी किती वेळ आणि श्रम लागले, आणि करणाऱ्याला समाधान वाटले का. याला एक अट जोडलेली आहे. कोणत्या माणसाने, कोणते काम, कोणत्या परिस्थितीत केले, हे आधी सांगावे लागते. ते न सांगता एखाद्या वस्तूला सोपी किंवा अवघड म्हणता येत नाही.

ही अट निर्मळमध्ये लगेच खरी होते. घरात पंख्याखाली बसून मुलाला निरोप लिहिणे हे एक काम. कार्तिकातल्या जत्रेत, गर्दीत, एका हातात सुकेळीची पुडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पत्ता टाइप करणे हे वेगळेच काम. कीबोर्ड तोच असला तरी उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि अंगठ्याखाली दोन बटणे एकदम येतात. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलेला नियम इथे लागू पडतो: लक्ष्य जितके लहान आणि लांब, तितका त्यावर नेमके पोचायला वेळ जास्त.

कोणाला बोलवायचे?

कीबोर्ड बनवणाऱ्यांनी आपल्याच कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडून टाइप करून घेतले, तर फारसे काही कळत नाही. त्यांना रचना आधीच ठाऊक असते. माणसे निवडायची ती सवयींच्या फरकाने.

निर्मळमध्ये निदान तीन गट सापडतील. पहिला गट सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या टंकलेखकांचा. जुन्या रेमिंग्टन पद्धतीच्या टंकयंत्रावर वेलांटी आधी आणि अक्षर मागून येई, रफार अक्षरानंतर. त्यांच्या बोटांत दिसण्याचा क्रम बसलेला आहे, म्हणून युनिकोडच्या क्रमाशी त्यांची बोटे झगडतात. दुसरा गट महाविद्यालयीन मुलामुलींचा. ते इंग्रजी अक्षरांत गावाचे नाव लिहितात आणि फोनने सुचवलेला शब्द उचलतात. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर असल्याने सुचवलेला शब्द पुष्कळदा ‘निर्मल’ असतो. तिसरा गट बागायतदार आणि भाजी-फुले विकणाऱ्या मावशींचा. शाळेत मुळाक्षरे गिरवली, पण कीबोर्ड प्रथम पाहिला तो फोनवर, अशी ही माणसे.

या परिसरातल्या सामवेदी समाजाच्या घरांत कादोडी ही बोली बोलली जाते. प्रमाण मराठीतल्या शब्दांवरून सुचवण्या देणारा कीबोर्ड कादोडी शब्द ओळखत नाही आणि चुकीचा समजून बदलू पाहतो. वापरणारा कोण, हा प्रश्न आधी विचारला नाही तर ही अडचण कोणाच्या वहीत उतरतच नाही.

शेजारी बसून पाहणे

आता प्रत्यक्ष चाचणी. प्रत्येकाला स्वतंत्र वेळ द्यायचा आणि सुरुवातीलाच सांगायचे, “मावशी, परीक्षा तुमची नाही, या कीबोर्डची आहे. तुम्ही अडलात तर आम्हाला उपयोगाचे आहे.” हे मनापासून सांगावे लागते, कारण अडल्यावर बहुतेक माणसे स्वतःलाच दोष देतात. पडद्याचे चित्रण करायचे असेल तर परवानगी घ्यायची. त्यांच्या खासगी निरोपांना किंवा बँकेच्या ॲपला हात लावायचा नाही.

मग काम द्यायचे. ‘रफार देऊन पाहा’ असे सांगितले तर उत्तर प्रश्नातच फुटते. त्याऐवजी म्हणायचे, “विरारच्या पाहुण्यांना कळवायचे आहे की जत्रेला निर्मळला या. लिहून दाखवा.” लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगायचे. विचार उघड बोलून घेण्याची ही पद्धत आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ साली संगणकाच्या चाचण्यांसाठी मांडली. इथे ते बोलणे कादोडीत होऊ द्यावे आणि ती जाणणारे कोणी शेजारी बसवावे. अनोळखी माणसासमोर एकटीला बोलायला संकोच वाटत असेल, तर दोन मैत्रिणींना मिळून काम द्यावे. त्या आपसात आपोआप बोलतात.

यापुढे पाहणाऱ्याने गप्प बसायचे. सर्वांत कठीण भाग हाच. मावशी ‘र’ दाबतात, रफाराचे बटण शोधतात, सापडत नाही, ‘म’ आणि ‘ळ’ दाबतात, ‘निरमळ’ दिसते, सगळे पुसतात. अशा वेळी हात पुढे होतो आणि तोंडून “तिथे दाबा” निघू पाहते. मदत केली की चाचणी संपली. त्या क्षणी वहीत लिहायचे: बोट कुठे थांबले, कोणते बटण रफाराचे समजून दाबले, किती वेळा पुसले, कुठे हताश होऊन फोन खाली ठेवला, तोंडून काय निघाले.

महाविद्यालयीन मुलीची नोंद वेगळी होईल. ती काही सेकंदांत ‘निर्मल’ लिहून पाठवेलही. वेग उत्तम, ती खूश, पण काम चुकले. गावाचे नाव बदलले आणि तिच्या लक्षातही आले नाही. पत्त्याच्या अर्जात असे झाले तर पुढे शोधताना नोंद सापडत नाही. म्हणून मानक केवळ वेगावर थांबत नाही, काम नीट झाले का हे वेगळे मोजायला लावते.

किती माणसे पुरतात?

जेकब निल्सन आणि टॉम लँडॉर यांनी १९९३ मध्ये अनेक चाचण्यांवरून हिशेब मांडला. त्यात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. त्या हिशेबाने तीन माणसे सुमारे ६७ टक्के आणि पाच माणसे सुमारे ८५ टक्के अडचणी दाखवतात. पुढच्या माणसांकडून बहुतेक जुनेच पुन्हा दिसते. म्हणून एकदाच पंधरा जणांना बसवण्यापेक्षा पाच जणांनंतर थांबावे, दुरुस्ती करावी, मग नवे पाच जण बोलवावेत.

हा आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही. दहांतून एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता ४१ टक्केच असते. शिवाय टंकलेखक, विद्यार्थिनी आणि मावशी यांच्या अडचणी वेगळ्या आहेत, म्हणून प्रत्येक गटातली माणसे स्वतंत्रपणे घ्यावी लागतात.

शेवटी समाधान विचारायचे. त्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. एक विधान अनुकूल, दुसरे प्रतिकूल, अशी मांडणी असते. प्रत्येकाला १ ते ५ गुण देतात आणि त्यावरून शंभरपैकी अंक काढतात. आपल्याकडे पाहुण्याचे मन राखायला “छान आहे की” म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे हा अंक नेहमी वहीतल्या नोंदींशेजारी ठेवून वाचावा.

दुरुस्ती, आणि पुन्हा पाहणे

नोंदी हातात आल्यावर रचना बदलायची असते. माणसाला प्रशिक्षण देऊन अडचण झाकायची नसते. जॉन गोल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्ये तीन तत्त्वे सांगितली: सुरुवातीपासून वापरणाऱ्यावर लक्ष, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप, आणि बदलून पुन्हा तपासणे. वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारी रचना ती हीच.

मराठीपुरते याचे चांगले उदाहरण पवईला घडले. आयआयटी मुंबईत १९६९ पासून असलेल्या आयडीसी या रचना केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी भारतीय लिपींच्या टंकलेखनावर बरीच वर्षे काम करत आले आहेत. २०१३ मध्ये त्यांनी ‘स्वरचक्र’ हा अँड्रॉइड फोनसाठीचा विनामूल्य कीबोर्ड आणला. त्यात व्यंजने शाळेत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमाने आहेत. ‘न’वर बोट ठेवले की भोवती चक्र उमटते, त्यात ना, नि, नी अशी रूपे असतात. बोट ‘नि’कडे सरकवले की झाले. वेलांटी आधी की मागून, हा प्रश्नच उरत नाही, कारण माणूस तयार अक्षर निवडतो. ‘र’च्या चक्रातून पाय मोडलेला ‘र्’ घेतला की पुढची जोडाक्षरे बटणांवरच दिसू लागतात, आणि ‘र्म’ शोधायचे काम ओळखण्याचे होते, आठवण्याचे राहत नाही.

अशी रचनाही पुन्हा तपासावी लागते. पहिल्या दिवशी सोपी वाटणारी गोष्ट सरावानंतर वेगवान ठरेलच असे नाही, उलटही घडते. म्हणून पहिल्या बैठकीचा वेग आणि अनेक बैठकींनंतरचा वेग वेगळा मोजतात. आयडीसीच्या संशोधकांनी मराठी कीबोर्डच्या अशा दीर्घकालीन तुलना केल्या आहेत.

वीजबिल, रेशन, बाजारभाव, दवाखान्याचा नंबर, सगळे आता फोनच्या पडद्यावर आले आहे. जिला तो पडदा वापरता येत नाही, तिचा हक्कच अडतो. म्हणून मराठीत ॲप किंवा अर्ज बनवणाऱ्या प्रत्येकाने तो लोकांपुढे ठेवण्याआधी एखाद्या गावात जावे, प्रत्येक गटातल्या पाच जणांशेजारी वही घेऊन गप्प बसावे, आणि वहीत जिथे जिथे “मलाच येत नाही” असे शब्द उतरले असतील, तिथून दुरुस्तीला सुरुवात करावी.